पालखी आपल्याच ओट्यावर टेकली

आई, तुझा ओटा मी गुडघाभर उंच करून घेतला. तू घासून धुवायचीस त्या जागेवर आता लाल ग्रॅनाइट आहे, पाय घसरतो इतका गुळगुळीत. येणारेजाणारे कौतुक करतात आणि मी मान डोलावते.

तुला आठवतं का, मी शाळेत होते, पालखीचा दिवस होता. तू मला ओटा धुवायला सांगितलंस आणि मी बादल्या ओतून खराट्याने सगळं पाणी लोटलं ते शेजारच्या काकीच्या दारात. तिची रांगोळी अर्धी वाहून गेली. तू ओरडली नाहीस. हाताला धरून मला तिच्या उंबऱ्याशी बसवलंस, हातात फडकं दिलंस आणि म्हणालीस, "तुज्या दारचं पानी तूच काढायचं. दुसऱ्याच्या दारात लोटायचं नाय." ढोल मागच्या आळीत वाजत होते, सगळ्या बायका बघत होत्या, आणि मी नवा परकर वर खोचून पुसत होते. रांगोळीही तू माझ्याकडूनच परत काढून घेतलीस, वाकडीतिकडी. काकी मात्र हसत होती, मला गूळखोबरं देत होती. त्या दिवशी मला तुझाच राग आला होता.

मी आता ऑफिसात रस्त्यांची अंदाजपत्रकं करते. बदलापूरहून आपल्या गावात येणाऱ्या रस्त्याची फाइल गेल्या वर्षी माझ्याच टेबलावर आली. मी सगळं रीतसर धरलं होतं: जुना रस्ता खोदून काढायचा, दोन्ही बाजूंना गटार, मग काँक्रीट. निधी आला तो मागितल्यापेक्षा बराच कमी. साहेब म्हणाले, "मॅडम, लांबी कमी नाय करायची. उद्घाटनाला काय अर्धा रोड दाखवायचा? खोदाई काढून टाका, गटार नेक्स्ट फेजला घ्या." अर्धाच करू, पण नीट करू, असं म्हणता आलं असतं. साहेब चिडले असते, फार तर दुसऱ्या टेबलावर बसवलं असतं. मी नुसतं "हो सर" म्हटलं आणि दोन्ही बाबींवर रेघ मारली. जुन्या रस्त्यावरच नवा रस्ता चढवायचा म्हणजे जुनी घरं खड्ड्यात जाणार, हे कळायला इंजिनिअर व्हावं लागत नाही. पण कागद तेव्हा फक्त आमच्यासमोर होता, गावाला काहीच माहीत नव्हतं.

त्याच आठवड्यात रविवारी मी कॅम्प दोनच्या बाजारात लाद्या घ्यायला गेले. दुकानातला शेठ माप ऐकून म्हणाला, "ओटा इतना ऊँचा क्यों, मॅडम? रोड आ रहा है क्या?" मी म्हटलं, "नहीं, ऐसेच." तो धंदेवाला माणूस, हसला आणि बिल करायला लागला. गवंडी कामाला लागला तेव्हा काकी येऊन उभी राहिली. तिने विचारलं, "एवरा उंच कशाला गो, बाय?" खरं सांगितलं असतं तर तिनेही चार पैसे जमवून, मुलाच्या मागे लागून आपला ओटा उचलून घेतला असता. पण मग आळीभर झालं असतं, मग ऑफिसात विचारणा झाली असती. मी म्हटलं, "आईची आठवण म्हणून करतेय, काकी." तिचे डोळे भरून आले. तिने गवंड्याला चहा करून दिला.

मग रस्ता झाला. यंदाच्या चैत्रात गावदेवीची पालखी निघाली ती या नव्या रस्त्यावरून. खांद्यावर पालखी घेऊन एवढं खाली उतरायचं कसं? पोरं दारोदारी वरच थांबत होती आणि बायका खड्ड्यातून हात वर करून नारळ देत होत्या. म्हाताऱ्यांचे हात तर पोचतही नव्हते. पालखी टेकली ती एकाच ओट्यावर, आपल्या. लोक म्हणाले, "आय पुन्यवान व्हती हिची." मी तुझी तांब्याची कळशी काढली आणि तू ओतायचीस तसं भोयांच्या पायांवर पाणी ओतलं.

ते पाणी ग्रॅनाइटवरून सरळ घसरत काकीच्या दारात गेलं. रांगोळीवरून उंबऱ्याशी, उंबऱ्यावरून घरात. ती खाली वाकली, फडकं घेऊन पुसायला लागली. आता तिला वाकवत नाही गं. मी वरून म्हटलं, "काकी, दे, मी पुसते." ती वर न बघता म्हणाली, "ऱ्हाऊ दे, बाय. तुज्या आयचे आठवनीचा ओटा हाय. तिचंच पानी समजायचं." मी खाली उतरले नाही. देवी ओट्यावर होती, लोक बघत होते, अंगावर नवी साडी होती. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती आणि तरी मी हात जोडून तशीच उभी राहिले.

पावसाळ्यात काय होईल ते मला माहीत आहे. गटाराची फाइल मी पुन्हा वर पाठवली आहे, निधी आला तर होईल. हे वाक्य मी लोकांना रोज सांगते, आज तुला सांगितलं.

तुला वाचता येत नव्हतं. घरी कसलाही कागद आला की तू तो काकीकडे न्यायचीस आणि ती उंबऱ्यात बसून मोठ्याने वाचून दाखवायची. हे पत्र लिहिताना सारखं तेच डोळ्यांपुढे येत होतं. तू असतीस तर हेही तिनेच वाचलं असतं. ती अजून चष्मा लावून वाचते आणि तिचं दार इथून चार पावलांवर आहे. मी पत्राची घडी घालून ऑफिसच्या पिशवीत ठेवली आहे.