सोप्या इंग्रजीतली पाटी

प्रिय ताई,

तुला नमस्कार, आणि माझ्या वाटणीचं आईच्या पाया पड. मी मजेत आहे, वेळेवर जेवते. आईचा गुडघा कसा आहे?

इथे कारखान्यात सूचना लिहायचं काम माझ्याकडे आहे. कापायच्या यंत्रासाठी मी सोप्या इंग्रजीत लिहिलं, ‘आधी यंत्र बंद करा. मगच हात घाला.’ साहेबांनी ते खोडून लांबलचक वाक्य घातलं. कोणी काय करायचं, तेच त्यात कळेना. मला संशय आला. उद्या कोणाचा हात गेला, तर ‘सूचना दिली होती’ म्हणून हे मोकळे!

यंत्रावरच्या बाईंना मी साहेबांचं ते वाक्य वाचायला दिलं. त्या म्हणाल्या, “म्हणजे चालू असताना हात घातला तरी चालेल ना?”

मी त्यांच्यादेखत माझी आधीची दोन वाक्यं पाटीवर लिहून ती यंत्रावर लावून टाकली.

आज साहेब हसून म्हणाले, “तुमचं इंग्रजी फारच सोपं आहे हो.” एवढं गोड ते कधी बोलत नाहीत गं. पाटी काढा म्हणाले नाहीत, राहू द्या असंही नाही. मीही काढणार नाही.

आईला एवढंच सांग, की साहेबांनी माझ्या इंग्रजीचं कौतुक केलं.

तुझीच,
धाकटी