आबांचं हवामानाचं पान

तासगाव, मंगळवार, दिवेलागण

लॅपटॉप नीट झाला एकदाचा. हवामानाचं पान उघडलं की आता हवामानच दिसतं. जुगाराच्या आणि नागड्या बायांच्या पानांवर उडी मारत नाही. मग मला चैन का नाही?

गेल्या आठवड्यात तसलं पान समोर आलं, तेव्हा मी सासूबाईंदेखत आबांना विचारलं, "काय बघता हो तुम्ही यावर?" सासऱ्यांना! लष्करात आयुष्यभर वायरलेस सांभाळलेला माणूस. एवढंच म्हणाले, "बेदाणा शेडवर वाळत हाय, पोरी. पावसाचंच बघत हुतो." चष्मा उचलला आणि गेले. तेव्हापासून लॅपटॉपशेजारी तो चष्मा नाही. पाऊस येणार का, हे शेजाऱ्यांना विचारायला जातात.

आज ब्राउझरमधली एक्स्टेन्शन्स, म्हणजे वरून जोडलेली छोटी प्रोग्रॅम्स, एकेक बंद करून पाहिली. दोष निघाला फोटोची पीडीएफ करणाऱ्या एकाचा. ते मीच घातलं होतं, लेकीच्या शाळेच्या फॉर्मसाठी. घाईत, न वाचता, 'परवानगी द्या' दाबत गेले. आबांना तर तसलं काही असतं हेही ठाऊक नाही.

काढून टाकलं. आबांना बोलावून पान दाखवलं. चष्मा आणला नव्हता, तरी वाकून बघितलं.

सासूबाई म्हणाल्या, "बघा की, सूनबाईनं कसं झ्याक केलं!"

आबा म्हणाले, "व्हय. आता म्या न्हाई हात लावत त्याला. पुन्हा माझ्याच हातनं बिघडायचं."

तेव्हाच सांगायला हवं होतं. मी चहा टाकायला उठले.