रामकोटीतल्या दोन रेघा

फाल्गुन वद्य ८, सोमवार
पौषात मोरीत घसरले, उजवं मनगट मोडलं. तेव्हापासून ही रोजनिशी बंद, रामकोटीही बंद. प्लास्टर निघून महिना झाला, आता हाताचं निमित्त सांगायला नको. दुपारी भांडी झाली की दोन पानं रामनाम लिहायचं, मग पाठ टेकायची, असा नेम होता. आता आधी पाठ टेकते.
सासूबाईंनी आज विचारलंच. "काऊन थांबली वो? माझा हात थरथरते म्हणून तर तुले वही देल्ली."
चैत्र शु. षष्ठीला शेजारच्या लक्ष्मीअक्काची बस भद्राचलमला जाते. भरलेली वही तिच्या हाती रामापाशी पोचावी, एवढीच सा.बां.ची आस. स्वतःचं जाणं आता होत नाही.
उद्यापासून नक्की.

वद्य १०, बुधवार
काल पापड. नाही झालं.
आज अर्धं पान. एका चौकोनात एकदा 'राम', एवढंच तर असतं. पण अक्षर पहिलीतल्या पोरीचं. जुनीच रिफिल चालवते आहे, मध्येच रुसते.

वद्य ११, गुरुवार. एकादशी
एक पान. ओव्याच्या पुरचुंडीनं मनगट शेकलं.
कोरी पानं किती उरली बघायला वही मागून उघडली, तर शेवटची चार पानं भरलेली! वरच्या ओळीत 'राम', आणि खाली प्रत्येक चौकोनात दोन उभ्या रेघा. ॥ ॥ ॥. दुकानाच्या माल-वहीत मारतात तशा. म्हणजे ह्यांचंच काम.
जेवताना विचारलं. म्हणाले, "तुया हाताले प्लास्टर, अन् आई रोज विचारून राह्यली होती. म्हटलं, आपण मांगून भरत यावं."
"अन् ह्या रेघा?"
"वरच्यासारखंच. वर राम हाय ना? मंग खालीबी रामच."
"राम म्हणजे साबणाच्या वड्या हायेत काय?"
हसले, मग पाण्याचा तांब्या जवळ ओढला. मी त्यांच्या ताटात आणखी एक भाकर वाढली. दिवसभर दुकानात उभा राहिलेला माणूस आईसाठी वही घेऊन बसला होता.

वद्य १३, शनिवार
ल. अक्काला विचारलं, कोणाची चूक ते न सांगता. "वदिना, एकेक नाम पूरा लिखना. लकीर को भगवान क्या पढ़ेगा?" तिच्या तेलुगूत मी वहिनीच्या जागी वदिना.
पानं फाडावी तर वही अपुरी. ठेवावी तर खोटी. सा.बां.ना आता अक्षर दिसत नाही, कळायचं नाही. म्हणूनच सांगायला हवं. पण ह्यांचं तोंड उतरेल.

चैत्र शु. १, मंगळवार. पाडवा
गुढी, कडुलिंब, पुरण. तरी दुपारी बसलेच. नेम सात दिवस टिकला.
रेघांकडे बघता बघता दिसलं. एक रेघ 'रा'चा काना, दुसरी 'म'ची काठी. डावीकडे 'र' काढला, मधे 'म'चं पोट. राम झाला! काहीच खोडावं लागलं नाही. अर्धं नाव ह्यांनी लिहून ठेवलेलंच होतं.

शु. ३, गुरुवार
पुढची कोरी पानं संपली. रेघांची दोन झाली, दोन बाकी.
सा.बां.ना सगळं सांगितलं. ठसका लागेपर्यंत हसल्या. "दुकानदाराच्या पोटी दुकानदारच!" मग वहीवरून बोट फिरवत म्हणाल्या, "एक ओळ तशीच राहू दे. त्याच्या हातची."
"आई, ती रामकोटीत धरत नाहीत."
"धरणारा वर बसला हाय. तू कायले धाक घेते?"

शु. ५, शनिवार
उद्या पहाटे बस. एक पान बाकी आणि मनगट सुजलं. दिवेलागणीला हे दुकानातून लवकर आले, शेजारी बसले. "दे इकडं."
"पूर्ण लिहायचं पण."
"हो वो मास्तरीणबाई."
जीभ बाहेर काढून लिहीत आहेत. प्रत्येक 'राम' तोंडानं म्हणून. मी तेवढ्यात हे चार शब्द उतरवते आहे.
ती एक ओळ अजून रेघांचीच. आई म्हणतात ठेव, अक्का म्हणते भगवान पढ़ेगा नहीं. ह्यांनी आत्ताच तिच्यावर बोट ठेवून विचारलं, "ही भरायची राह्यली का?"