मधल्या बोटातला गुडघा

३ मार्च

बाबांचा गुडघा सापडला! मधल्या बोटाच्या मधल्या सांध्यावर, अगदी कडेला. मी शिकतेय त्या सुजोक उपचारात अख्खं शरीर हातात असतं, तसंच पायातही. अंगठा म्हणजे डोकं, मधली दोन बोटं म्हणजे पाय. बोथट काडीनं दाबत जायचं. माणूस जिथं कळवळतो तोच बिंदू, तिथं मेथीचा दाणा चिकटवायचा. बाबा असे कळवळले की आई ओट्याजवळून ओरडली, "जीव घेतेस की काय बापाचा!"

बाबा गवंडी. सिमेंटनं हातांची साल पार जाड झालीय. तरी सापडला! स्वतःचीच पाठ थोपटावीशी वाटली.

६ मार्च

बाबा कामावर सगळ्यांना सांगत सुटलेत. मुकादम म्हणाला म्हणे, "पोरीला इथंच आणून बसव, सगळ्यांचेच गुडघे गेलेत."

आमच्या घरात शाळेची पायरी चढलेली मी पहिलीच. आता सुजोकची परीक्षा पास झाले की शिकवणाऱ्या मॅडम मला त्यांच्या केंद्रात कामाला घेणार. बाबांना मी रोज विचारते, खरंच बरं वाटतंय ना? "एकदम हलका झालाय!" पण जिना चढताना कठडा सोडत नाहीत. हे मी बघितलंय. मॅडमना सांगावं का?

९ मार्च

"बाबा, आज पाय द्या. तळव्यावर करून बघू."

"छे! लेकीच्या मांडीवर पाय ठेवू? हात घे. दोन्ही घे!"

१४ मार्च

परीक्षा. पेशंट आपलाच न्यायचा होता. बाबा इस्त्रीच्या शर्टात, नवरदेवासारखे ताठ.

परीक्षक बाई म्हणाल्या, "काका, डोळे मिटा," आणि कागदात डोकं घातलं. मी काडी टेकवली. बाबा गप्प. जोरात दाबली. गप्पच! शेवटी अंदाजानंच चिकटवू म्हटलं. दाणा घ्यायला काडी खाली ठेवली — आणि बाबा विव्हळले, "आई गं!"

हाताला काहीच लागलेलं नसताना.

म्हणजे इतके दिवस माझा चेहरा बघून कळवळत होते! मी आशेनं वर बघितलं की "आई गं".

"छान. सापडला ना?" बाईंनी मान वर न करताच विचारलं. नुसतं 'हो' म्हणायचं होतं.

"नाही," म्हटलं.

नापास.

१४ मार्च, संध्याकाळ

वाटेत बाबा पुटपुटले, "बोटांना बरेच दिवस काही लागतच नाही गं. तू इतक्या मायेनं दाबायचीस, तुला नाही कसं म्हणू?"

रागावू की रडू? हाताला कळत नाही, मग पायाला तरी कळतंय का? घरी आल्या आल्या दरडावलं, "पाय दाखवा! लाजबीज गेली खड्ड्यात." उजव्या तळव्यात खिळा रुतलेला. भोवती सगळं काळंनिळं, सुजलेलं.

"बाबा, हे कधी झालं?"

"काय कधी झालं?"

१६ मार्च

बाबांच्या रक्तातली साखर भयंकर वाढलीय, म्हणून हातापायांना कळत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, "आणखी थांबला असतात तर पाय गेला असता. बघितलं कोणी हे?"

बाबा अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल असे म्हणाले, "आमच्या नापास पोरीनं!"