खिडकीपाशी कुणाला बसवायचं

तात्या, तुमच्या भोरच्या सरकारी ऑफिसातल्या त्या खिडकीजवळच्या खुर्चीवर बसलेल्या प्रत्येकाचा मला अजून हेवा वाटतो. बावन्न वर्षांच्या बाईनं असं जळत बसणं काही शोभण्यासारखं नाही, आणि तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाल्यावर ते तुम्हाला कळवणं तर त्याहून नाही. पण गेले चार महिने मी रोज एका ऑफिसातच उभी आहे. वरव्याच्या पुढे हायवेला लागून एक कंपनी आहे. साठेक माणसं तिथं दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसतात. वर्षभरात बरीच सोडून गेली, उरलेल्यांत कुणाची पाठ धरलेली, कुणाचं डोकं उठलेलं, कुणी नुसतंच गप्प. म्हणून तिथल्या मालकीणबाईंनी मला बोलावलं. इमारत तीच ठेवायची, पण आतून सगळं बदलायचं आणि माणसांना सकाळी यावंसं वाटेल असं ऑफिस करून द्यायचं. हाच माझा व्यवसाय आहे आता. त्यासाठी लोक मला लांबून बोलावतात. हे काम तुम्ही माझ्या आधी करत होता आणि मी डबा हातात घेऊन दारातून बघत होते, हे मात्र मी कुणाला सांगत नाही.

तुमच्या ऑफिसात वर्षातून तीनदा टेबलं हलायची. भोरचा पाऊस पश्चिमेकडून झड मारतो, म्हणून जूनच्या तोंडाशी त्या भिंतीकडची टेबलं आत ओढायची. दिवाळी झाली की सगळी उन्हाकडे, होळी झाली की उत्तरेच्या व्हरांड्याजवळ, वाऱ्याला. साहेब लोक बदलून जायचे, नवे यायचे, हेडक्लार्क तुम्हीच, त्यामुळे हा नेमही तुमचाच. अजून डोळ्यांपुढे आहे: मी डबा घेऊन दारात उभी. तुम्ही बाह्या दुमडून सागवानी टेबलाचं एक टोक उचललंय, दुसरं शिपायानं. टेबलाच्या खणातून टाचण्या सांडतायत आणि तुम्ही हसताय. घरी असे हसलेले तुम्ही मला आठवत नाही. घरी तुमची जागा ठरलेली, दाराशेजारची, आणि तिथून आमचं स्वयंपाकघर दिसायचंही नाही.

आणि ती एक खिडकी. नीरा नदीकडची. तिथं उन्हाळ्यात वारा, थंडीत ऊन, पावसाची झड तर पोचायचीच नाही. दुसऱ्या कुठल्या ऑफिसात ती जागा सगळ्यांत मोठ्या माणसानं धरली असती. तुम्ही ती कुणाच्याच नावावर ठेवली नव्हती. टेबलं हलायच्या दिवशी तुम्ही हॉलभर एकदा नजर फिरवायचा आणि एखाद्याला म्हणायचा, "तुम्ही बसा हो तिकडं. कपाट जवळ पडेल तुम्हाला." कपाट सगळ्यांनाच सारखं लांब होतं. पण कारण कुणी विचारायचं नाही, कारण ज्याला पाठवलं त्याच्या घरी काय चाललंय ते बहुतेकांना ठाऊक असायचं. एका कारकुनाला तर मूळव्याधीच्या वर्षी तुम्ही खिडकीही दिलीत आणि आपल्या घरातली मऊ उशीही. ती उशी माझी होती. आईनं मला दुसरी शिवून दिली, पण ती टोचायची.

मी बारावीला गणितात नापास झाले, तो दिवस तुम्हाला आठवत असेल असं मला वाटत नाही. निकाल लागला, आईनं तरीही डबा भरला आणि मी तो घेऊन निघाले. गुणपत्रिका पिशवीत, डब्याच्या खाली. मनात असं होतं, की घरी सांगण्यापेक्षा ऑफिसात सांगावं. तिथले तात्या निराळे असतात. आत गेले तर खिडकीत टायपिस्टबाई बसलेल्या, तोंडाला पदर. तुम्ही तुमचा चहाचा कप त्यांच्यापुढे सरकवलात आणि त्यांची खुर्ची अलगद फिरवून पाठ हॉलकडे केलीत, म्हणजे त्यांचं तोंड कुणाला दिसू नये. मग माझ्याकडे वळून म्हणालात, "ठेव तिथं डबा. ऊन लागंल, लवकर जा घरी." संध्याकाळी मी मागच्या दाराशी बसून रडत होते. तुम्हाला आईनं सांगितलं असावं. तुम्ही आलात, क्षणभर उभे राहिलात आणि म्हणालात, "रडून गणित सुटत नसतं. ऊठ, ताटं घे."

मी उठले, ताटं घेतली. त्या रात्री तुम्हाला वाढलेल्या भाकरीवर मी मुद्दाम तूप घातलं नाही. तुम्ही तूप मागितलंही नाहीत. मला त्या टायपिस्टबाईंचा इतका राग होता, की पुढे कित्येक महिने डबा न्यायची वेळ आली की माझं पोट दुखायचं. खरोखरचं दुखायचं. गणित पुढच्या खेपेला सुटलं. त्यानंतर एकदा तुम्ही काखेत एक ड्रॉइंग बोर्ड घेऊन आलात. "ऑफिसातून निकालात काढला होता," एवढंच म्हणालात. त्याच बोर्डावर मी रेषा मारायला शिकले. पण तेव्हा माझ्या मनात आलं ते असं, की ऑफिसाला जे नको झालं ते आमच्या वाट्याला. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो अंधार म्हणजे मी, असं मी पक्कं धरून बसले.

तर या कंपनीत मी सगळं केलं. डोळ्यांवर न येणारा उजेड, मानेला टेकण असलेल्या खुर्च्या, कुंड्या, आवाज न घुमणारी भिंत, अर्धा तास गप्प पडायला एक खोली. वायरी जमिनीखालून नेल्या आणि टेबलं त्यांच्या वर, जमिनीला स्क्रूनं घट्ट बसवली. दिसायला फार देखणं झालं. काम संपत आलेलं असताना गेटवरचे सिक्युरिटीचे मामा आत बघायला आले. साठी उलटलेली, हिर्डोशीचे. एका टेबलाला हात लावून त्यांनी ते उचलून पाहिलं आणि माझ्याकडे बघितलं.

"ही हालत न्हाईत व्हय?"

"नाही मामा, खाली वायरी आहेत."

"मंग पावसाळ्यात वो?"

"इथं काचा बंद असतात. झड येत नाही."

"झडीचं न्हाई म्हनत म्या," ते म्हणाले. "मानसं तर बदलत्यात का न्हाई वर्साकाठी?" मग मला निरखून बघत, "तुमी आमच्या भाऊसायबांच्या थोरल्या न्हवं? डबा आनायच्या. म्या शिपाई व्हतो तितं."

भाऊसाहेब म्हणजे तुम्ही, आणि हा तुमच्या टेबलाचं दुसरं टोक धरणारा माणूस. मी ओळखलंच नव्हतं. त्यांना बसायला खुर्ची दिली, तर ती खालीवर होते म्हणून ते बिचकत बसले आणि तुमच्याबद्दल बोलत राहिले. "माजी मालकीन गेली ना, त्या साली भाऊसायबांनी मला खिडकीपाशी बसवलं. शिपायाला! स्टूल न्हाई, खुर्ची. म्हनले, टपाल हितं बसून लाव. सा म्हैनं म्या नदीकडं बघत टपाल लावलं. कुनी हाक मारली तर सोता उठायचे." आणि मग टायपिस्टबाईंचं सांगितलं. त्यांचं बाळ आठव्या महिन्यात पोटातच गेलं होतं. मला हे तेव्हा कुणीच सांगितलं नव्हतं, सतरा वर्षांच्या पोरीला कोण सांगणार. मला लाज वाटली, तात्या. पण खोटं कशाला लिहू, लाज वाटली म्हणून जळणं काही थांबलं नाही. त्या बाईंना खिडकी मिळाली, शिपायाला मिळाली, मूळव्याधीलासुद्धा मिळाली. मीच कशी तुम्हाला दिसले नाही?

दुसऱ्या दिवशी मी खिडकीकडच्या एका टेबलाचे स्क्रू काढायला लावले. तिथून लांबचे डोंगर दिसतात, दुपारी ऊन येत नाही आणि पाठीमागून कुणी जात-येत नाही. मालकीणबाईंना म्हटलं, ही जागा कुणाच्या नावावर ठेवायची नाही, ज्याला त्या वेळी गरज असेल त्याला द्यायची. त्यांना ते फार आवडलं. "मॅडम, हे सुचलं कसं तुम्हाला?" मी म्हटलं, "अनुभव." तुमचं नाव काढलं नाही. त्या म्हणाल्या, "मग पहिल्यांदा कुणाला द्यायची ते तुम्हीच सांगा. चार महिने तुम्ही सगळ्यांना बघताय."

बघत होतेच. हिशेब विभागात भोंगवलीची एक मुलगी आहे, चोवीस-पंचवीसची. महिन्याभरापासून तिचा डबा उघडत नाही. फोन आला की जिन्यात जाते आणि परत येते तेव्हा तोंड धुतलेलं असतं. विचारायची गरजच नव्हती. पण तिला रोज सकाळी तिचे वडील मोटारसायकलवर सोडायला येतात. शेतावरून तसेच आलेले, पायाला चिखल. ती आत गेली तरी ते गेटपाशी थांबतात. ती वरच्या काचेपाशी येऊन हात हलवते, तेव्हा गाडी वळवतात. गेटवरच्या मामांना एकदा सांगताना मी ऐकलं, "पोरीचं लगीन मोडलंय वो. जेवत न्हाई. सांच्याला म्या लवकरच येतो, तिला वाट बगाया नको." हे ऐकून माझे डोळे भरायला हवे होते. माझ्या पोटात दुखलं.

मालकीणबाईंना मी म्हटलं, "चिठ्ठ्या टाका. म्हणजे कुणाला वाईट वाटणार नाही." त्यांनी सगळ्यांना जमवून ते सांगितलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. चिठ्ठी निघाली एका हसऱ्या पोराच्या नावाची. तो त्या जागेवर बसतो आणि शेजारच्या स्टुलावर बॅग ठेवतो. डोंगराकडे त्यानं अजून पाहिलेलं नाही. ती मुलगी चिठ्ठीच्या वेळी मागे उभी होती आणि तिनंही टाळ्या वाजवल्या.

तात्या, ती मुलगी मला दिसली होती. तिचा डबा बंद राहायला लागला त्या पहिल्या आठवड्यातच दिसली होती. इतकी वर्षं मी असं समजत आले, की ज्याला माणूस दिसतं तो त्याला जागा देतोच, आणि तुम्ही मला दिली नाहीत म्हणजे तुम्हाला मी दिसलेच नाही. आता वाटतं, त्या संध्याकाळी मागच्या दाराशी तुम्ही क्षणभर उभे राहिलात तेव्हा तुम्हाला सगळं दिसलं असेल आणि तरी तोंडातून ताटं घे एवढंच निघालं असेल. का, ते तुम्हालाच ठाऊक. माझं कारण तुमच्याहून हलकं आहे, एवढं मात्र नक्की.

सोमवारी जाऊन मालकीणबाईंना खरं सांगेन आणि त्या मुलीला तिथं बसवीन, असं लिहून हे पत्र संपवायचं होतं. तसं लिहिलंही होतं, खोडलं. तुमच्याशी तरी खोटं नको. हे पत्र कुठं पाठवायचं नाही म्हणून इतकं बोलले. आज सकाळीही तिचे वडील गेटपाशी थांबले होते, आणि तिनं हात हलवण्याआधी मी तिच्यापुढं, काचेसमोर जाऊन उभी राहिले.