स्मारांदाच्या गुडघ्यांच्या मापाची गाडी

३ ऑक्टोबर
ठरलं. नवी एसयूव्ही घ्यायची. छोटी की मोठी, एवढंच बाकी. वहीत दोन रकाने पाडले. मोठीत सात माणसं बसतात. मी एकटा. पण मुलगी लेकरांना घेऊन स्पेनहून येईल तेव्हा? सहा वर्षं आली नाही, ती गाडी लहान म्हणूनच.

५ ऑक्टोबर
दुपारी डोळा लागला. पुन्हा स्वप्नात बायको, स्मारांदा. तिला जाऊन अकरा महिने झाले, तरी चालतेच आहे. धुळीचा रस्ता, चपला हातात. बोलत नाही. मी घाबरलो नाही. वांगी पचली नसतील. उद्यापासून दुपारची झोप बंद.

६ ऑक्टोबर
दुपारी झोपलो. पुन्हा तीच.

८ ऑक्टोबर
शेजारच्या साबिनाला सहज सांगितलं. म्हणाली, मग चालणारच. मेलेल्याच्या नावाने जे दुसऱ्याच्या हाती द्यावं तेच त्याला तिकडे मिळतं. मी तिच्या मातीच्या दिवशी काय दिलं? एक ब्लँकेट, एक ताट, एक बादली. बसून जायला काहीच नाही. वर्षाचं स्मरण २ नोव्हेंबरला आहे.
गाडी मी माझ्यासाठीच घेतोय. पण तिच्या नावाने द्यावीच लागली तर? वहीत तिसरा रकाना पाडला: तिचे दुखरे गुडघे.

११ ऑक्टोबर
बसने क्रायोवा शहरातल्या शोरूमला गेलो. घरची जुनी गाडी ताडपत्रीखाली आहे, उगाच झिजवायची नाही. साबिनाला नेलं, कारण उंची स्मारांदाएवढीच. दोन्ही गाड्यांत तिला चार-चारदा चढवलं, उतरवलं. टेपने मोजलं. छोटीत चढणं सोपं. मोठीत पाय उचलावा लागतो, पण आत पसरता येतो. विक्रेत्याने विचारलं, बाईसाहेबांना आवडली ना? मी म्हटलं, त्या आलेल्या नाहीत.
परतताना साबिना म्हणाली, "जिवंतपणी तिला गाडीने बसस्टॉपपर्यंत सोडलं नाहीस, पांदेले. आता माप घेतोस होय?"
तिला गाड्यांतलं काय कळतं. चालणं तब्येतीला चांगलं. सगळेच म्हणतात.

१९ ऑक्टोबर
मोठी रद्द. अंगणाच्या फाटकातून जात नाही. छोटी पक्की.

२४ ऑक्टोबर
छोटीही राहिली. बँकेतल्या मुलीने माझं वय विचारलं. त्यानंतर तिने काहीच विचारलं नाही.

२ नोव्हेंबर
स्मरण झालं. पाद्री म्हणाले, नवीनच द्यावं असं कुठे आहे, असेल ते द्या. ताडपत्री काढली. रीतीप्रमाणे किल्लीला मेणबत्ती बांधून गाडी साबिनाच्या हाती दिली. "देवाला पावो," म्हणाली आणि लगेच जावयाला फोन केला. मोकळं वाटलं. मी पहिल्यापासून हेच म्हणत होतो.

५ नोव्हेंबर
दुपारी दिसली. चालत नव्हती. गाडीत बसली होती, पुढे, चालकाच्या रिकाम्या सीटशेजारी. पर्स मांडीवर. गाडी जागची हललेली नाही. विचारलं, काय गं, निघत का नाहीस?
"मला कुठे चालवता येते?" म्हणाली. मग चालकाची सीट रुमालाने पुसून ठेवली. "ये तू सावकाश. मी थांबते."
उठलो आणि दवाखान्यात फोन करून उद्याची वेळ घेतली. रक्त, हृदय, डोळे, सगळं तपासायचं. नर्सने विचारलं, काय होतंय? म्हटलं, काही नाही. काही होऊ नये, एवढंच.