जन्मसालापुढची रेघ

३ मार्च
आजपासून वर्तमानपत्राच्या संदर्भ विभागात रुजू! टेबल खिडकीजवळ, खुर्ची धड, पंखा चालतो. आणखी काय हवं? काम तर घरचंच. एका आडनावाच्या नामांकित माणसांचा कोश करायचाय, आणि ते आडनाव आमचं. लग्नात मिळालेली ही गोष्ट कधी उपयोगी पडेल असं वाटलं नव्हतं. जुन्या अंकांतले मृत्युलेख शोधायचे आणि प्रत्येकाचं कार्ड करायचं: नाव, कामगिरी, जन्मसाल, रेघ, मृत्युसाल. मुख्य लिपिकांच्या गळ्यात सुतळीनं खोडरबर टांगलेलं असतं, म्हणून सगळे त्यांना खोडरबरकाका म्हणतात. जिवंत माणसाच्या जन्मसालापुढे रेघ ओढायची नाही, असं त्यांनी दोनदा बजावलं. मी हसू दाबून मान डोलावली.

९ मार्च
काका रजेवर. डोक्याचा ताप टळला. अठ्ठावीस मेलेल्यांना रेघ आणि पाच जिवंत बिनरेघेचे. मला असलं अर्धवट काम बघवत नाही बाई. घेतली पट्टी, मारल्या पाचही रेघा. पाचवं कार्ड माझ्या लेकीचं! चौदाव्या वर्षी पोहण्यात सुवर्णपदक म्हणजे नामांकितच की. आईनं नाही मिरवायचं तर कोणी?

१० मार्च
पहिल्या कार्डावरचे सर्जन गेले. वय झालेलं होतं. मृत्युलेखाची माहिती माझ्याकडे तयारच, संपादकांनी शाबासकी दिली. मीही लगेच साल भरून टाकलं.

११ मार्च
दुसऱ्या कार्डावरच्या चित्रकार बाई जिन्यावरून पडून गेल्या. असतात योगायोग. पण डबा तसाच परत आणला.

१२ मार्च
तिसरा, कुस्तीगीर. चाळिशीही उलटली नव्हती. रोज एक, कार्डांच्या क्रमानं. म्हणजे परवा –

काकांना फोन केला. आधी ओरडले, मग रडायलाच लागले. रेघ खोडता येते म्हणाले, पण ती त्याच आडनावाच्या दुसऱ्या कोणावर तरी जाते. त्यांनी एकदा स्वतःच्याच आडनावाच्या एका गायकाची रेघ खोडली होती. गायक वाचला. काकांची बायको दुसऱ्या दिवशी गेली. कोणावर जाईल ते आपल्या हातात नसतं. कोणी जाणूनबुजून स्वतःचं कार्ड पुढे ठेवलं तरच ती त्या कार्डावर जाते.

१३ मार्च
चौथे, न्यायाधीश. सकाळीच.
लेकीचं कार्ड फाडलं, तुकडे जाळले. दुपारी कप्प्यात होतं – अख्खं, रेघेसकट. घरी घेऊन आले. नवऱ्याला सांगितलं तर म्हणाला, दमलीयस, चार दिवस सुट्टी काढ. त्याचंही आडनाव तेच. मेलीनं काय करून ठेवलं मी हे!

१४ मार्च, सकाळ
लेक सरावाला निघालीये. आज जाऊ नकोस म्हटलं तर म्हणाली, आई, तुझं आपलं काहीतरीच. टोपी शोधतेय. पाण्यात उतरायच्या आत –

कोरं कार्ड घेतलं. माझं नाव. आडनाव. कामगिरीपुढे हात अडला. मग लिहिलं: हिची आई.

तिच्याच कंपासपेटीतलं खोडरबर. तिची रेघ पुसली. फुंकर मारली. कार्ड स्वच्छ – देवा, स्वच्छ आहे!

दार वाजलं. येते गं आई, म्हणाली. ये म्हटलं. नीट म्हटलं, आवाज कापू दिला नाही.

माझ्या कार्डाला मी हातही लावलेला नाही. जन्मसाल लिहिलंय तेवढंच, आणि त्याच्यापुढे आता आपोआप –